वेषांतर केलेली नायिका आणि एक खोटं पत्र: पेशवाईतली रहस्यप्रेमकथा पहिल्यांदा लिहिताना

ऐतिहासिक रहस्यप्रेमकथा लिहायला घेणारे बहुतेक नवे लेखक एका चित्रापासून सुरुवात करतात. रात्रीची वेळ, वाड्याचा दिंडी दरवाजा, घोड्यावरून आलेला कोवळा स्वार. पागोटं सुटतं आणि केस खांद्यावर पडतात. चित्र देखणं आहे, पण त्यातून दुसरं प्रकरण निघत नाही. ती स्वार का झाली, दुसरं काही का झाली नाही, याचं उत्तर लेखकाकडेच नसतं. मग अडेल तिथे योगायोग मदतीला घ्यावे लागतात.

म्हणून या लेखात मी एकच आग्रह धरणार आहे. नायिकेचा वेष सगळ्यात शेवटी ठरवा. आधी तिच्यावर कोणता अन्याय झाला ते ठरवा. मग त्या काळात त्याची दाद कुठे मागता येत होती ते शोधा. ते दार तिच्यासाठी का बंद आहे याचं पटेल असं कारण द्या. ते दार ज्याला उघडं आहे, त्याचा वेष तिने घ्यायचा. रहस्य, प्रेम आणि न्याय या तिन्ही गोष्टी मग एकाच गाठीत येतात.

हे नुसतं सांगून कळणार नाही, म्हणून लेखभर एकच कथा बांधत जाऊ. पात्रं आणि प्रसंग कल्पनेतले, काळ आणि शहर खरं.

आधी वर्ष ठरवा

"पेशवाईच्या काळात" एवढं पुरत नाही. शनिवारवाड्याचा पाया १७३० च्या जानेवारीत घातला गेला आणि पेशव्यांचं राज्य १८१८ मध्ये गेलं. मधल्या ८८ वर्षांत पुण्याच्या पेठा वाढल्या, कात्रजहून नळाने पाणी आलं, माणसं बदलली, भीतीची कारणंही बदलली. १७५० च्या कथेत नाना पेठ येऊ शकत नाही. विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाच्या आधी नाही. रामशास्त्री प्रभुणे १७८९ मध्ये वारले, तेव्हा १७९१ मध्ये घाशीराम कोतवालाचा अंत झाला त्या गर्दीत ते दिसले तर जाणकार वाचक पुस्तक मिटून ठेवेल.

वेषांतराच्या कथेसाठी असं वर्ष घ्या, ज्यात "हा माणूस खरा कोण?" हा प्रश्न आधीच गावभर चालला आहे. माझी निवड १७७६. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी ते मानलं नाही. त्यांनी कुंकू पुसलं नाही. पुढे भाऊ म्हणवणारा एक माणूस उभा राहिला. १७७६ मध्ये तो रत्नागिरीच्या कैदेतून बाहेर पडला, किल्ले त्याच्या ताब्यात गेले, माणसं त्याच्यामागे गेली. अखेर आंग्र्यांनी त्याला धरलं आणि डिसेंबरात पुण्यात तोतया म्हणून त्याला देहान्त शिक्षा झाली. तीनच वर्षांपूर्वी, ३० ऑगस्ट १७७३ ला, नारायणराव पेशव्यांचा त्यांच्याच वाड्यात खून झाला होता. गादीवर दोन वर्षांचे सवाई माधवराव, कारभार बारभाईंच्या हाती. तोतयाला कोण सामील होतं याची चौकशी सुरू.

अशा शहरात खोटं नाव घेऊन शिरणारी बाई पकडली गेली, तर तिच्यासाठी लोकांच्या तोंडी कोणता शब्द येईल ते वेगळं सांगायला नको. वर्ष नीट निवडलं की धोका आपोआप तयार होतो, खलनायकाला पानोपानी डोळे वटारावे लागत नाहीत.

दाद कुठे मागता आली असती?

आता अन्याय. आपल्या नायिकेचा थोरला भाऊ कोकणातल्या एका लहान किल्ल्याचा हवालदार, म्हणजे तिथला मुख्य अधिकारी आहे. साधं मराठा घराणं, पिढ्यानपिढ्या किल्ल्याची चाकरी. "किल्ला तुमच्या हवाली करतो" असं त्याने तोतयाला लिहिलेलं पत्र पुण्यात सापडतं. भाऊ कैदेत जातो. नायिकेला ठाऊक आहे की त्याने असं पत्र लिहिलेलं नाही, कारण त्याला लिहिताच येत नाही. किल्ल्यावरची लिखापढी सबनिसाच्या हाती, हवालदाराचा फक्त शिक्का.

इथे नवा लेखक सरळ लिहून टाकतो: "ती स्त्री होती म्हणून तिचं कोणी ऐकलं नाही." थांबा. हे इतकं सरसकट खरं नाही. मराठी राज्यात वतनाच्या आणि दत्तकाच्या वादांत बायका, विशेषतः विधवा, पुढे येत होत्या. गावातल्या वादाला गोतसभा होती, तिच्या निकालाचा कागद, म्हणजे महजर, होत असे. वाद वर गेला की वादी-प्रतिवादी, म्हणजे अग्रवादी आणि पश्चिमवादी, आपापली तकरीर, म्हणजे आपली बाजू, लिहून देत, जामीन देत, साक्षी होत. कागद आणि साक्षी दोन्ही नसतील तर दिव्य. तापलेल्या तेलातून धातूचा तुकडा काढायचा, मग हाताला पिशवी बांधून त्यावर शिक्का करायचा आणि काही दिवसांनी हात उघडून पाहायचा. निकालाचं निवाडपत्र होई. जिंकणाऱ्याने सरकारात हरकी नावाची रक्कम भरायची, हरणाऱ्याने गुन्हेगारी, म्हणजे दंड.

ही सगळी व्यवस्था नायिकेसमोर उभी असताना ती का वापरता येत नाही? आपल्या कथेपुरती दोन कारणं मी घेतो. पहिलं, हा वतनाचा वाद नाही, राजद्रोह आहे. तो गोताच्या पुढ्यात येणार नाही, निर्णय हुजुरातूनच, म्हणजे थेट पुण्याच्या सरकारातूनच होणार. दुसरं, ज्या पत्रावर सगळं उभं आहे ते दफ्तरात एका रुमालात बांधून ठेवलं आहे. ते पाहिल्याशिवाय ते खोटं आहे हे सांगता येत नाही. आणि बहीण म्हणून ती पुण्यात उघडपणे आली, तर बंडखोराच्या घरचं माणूस म्हणून तिलाच कुठल्यातरी गडावर बंदीत टाकतील.

आता दार नेमकं दिसू लागलं. दफ्तर जिथे आहे त्या वाड्याचं दार. तिथून रोज ये-जा कोण करतं?

वेष: पाच पर्याय, आणि एक निवड

पहिला विचार मनात येतो तो कारकुनाचा. उमेदवार म्हणून दफ्तरात शिरायचं, रुमाल सोडायचा. पण पुण्यातला ब्राह्मण कारकून पंगतीला उघड्या अंगाने बसतो, नदीवर चारचौघांत स्नान करतो, अंगावर जानवं असतं. असलं वेषांतर पहिल्या दुपारच्या जेवणापर्यंतही टिकणार नाही. आणि आपली नायिका मोडी वाचत नाही. हा पर्याय सोडून द्या, पण तो का सोडला हे एखाद्या संवादात येऊ द्या. वाचकाने तोच प्रश्न मनात धरलेला असतो.

दुसरा पर्याय फार कोणी वापरलेला दिसत नाही आणि मला तो विलक्षण वाटतो. केशवपन झालेली तरुण ब्राह्मण विधवा. ज्या मुंडणाने समाजाने तिच्यावर कायमची खूण केली, तेच मुंडण तिला बैरागी किंवा यात्रेकरू पोर म्हणून वावरू देतं. दुसरी कथा लिहाल तेव्हा याचा विचार जरूर करा.

तिसरा, तमाशाच्या फडातला नाच्या पोऱ्या. बाई मुलाचा वेष घेते आणि तो मुलगा रात्री बाईचा वेष घेऊन नाचतो. सरदारांच्या बैठकीपर्यंत थेट वाट मिळते. ताकदीचा पर्याय आहे, पण फडाचं जग तुम्हाला आतून ठाऊक हवं: ढोलकीचं अंग, सवाल-जवाब, मुक्काम, पैशाची वाटणी. ते नसेल तर नुसती रंगीत दृश्यं होतात.

चौथा, वाड्यातली कुणबीण, म्हणजे दासी. इथे बाईने बाईचाच वेष घ्यायचा, फक्त दर्जा उतरवायचा. कोणी तिच्याकडे पाहत नाही, म्हणून ती सगळं पाहते. पण कुणबिणी विकल्या-विकत घेतल्या जात, त्यांच्या इच्छेला किंमत नव्हती. अशा स्थितीत मालकवर्गातल्या नायकाशी प्रेम रंगवणं मला तरी पटत नाही. रहस्यकथा म्हणून उत्तम, प्रेमकथा म्हणून हात आखडता घ्यावा.

पाचवा, शिपाई. हा निव्वळ कल्पनाविलास नाही. टॉमस ब्रॉटन नावाचा इंग्रज अधिकारी १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीत होता. त्याच्या पत्रांत एका तरुण मुलीची हकिकत आहे. तिचा भाऊ कर्जापायी भोपाळला कैदेत होता. त्याला सोडवायला पैसे हवेत म्हणून ती पुरुषवेषात शिंद्यांच्या फौजेत शिपाई झाली. गुपित फुटल्यावर दौलतराव आणि बायजाबाईंनी तिची कड घेतली, छावणीनेही तिचा मान राखला. भावासाठी वेष पालटणारी शिपाई मराठ्यांच्या छावणीत खरोखर होऊन गेली आहे. निजामाकडे तर बायकांची पलटणच होती आणि १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत ती हजर होती.

आपली नायिका कोकणातली, किल्ल्यावर वाढलेली. बंदूक कशी ठासायची हे तिने लहानपणापासून पाहिलंय. कोकणातले हेटकरी शिपाई मराठ्यांच्या चाकरीत नावाजलेले होते. तेव्हा ती सोळा-सतरा वर्षांचा, मिसरूड न फुटलेला हेटकरी पोरगा होते आणि दफ्तराच्या वाड्यावर पहाऱ्याला उभी राहते. नोकरीला लावायला ओळखीचं कोणीतरी लागणारच. भावाचा जुना सोबती, आता पुण्यात नाईक असलेला, तिच्यासाठी जामीन राहतो. तिचं गुपित ठाऊक असलेला हा एकच माणूस. पुढे त्याच्यावर संकट आणा. वाचकाचा जीव टांगणीला लागेल.

वेष ठरला की शरीराकडे या. नवे लेखक इथे आवाज घोगरा करून मोकळे होतात. खरी अडचण बारीक खुणांची असते. कानाची भोकं अडत नाहीत, पुरुषही कानांत भिकबाळी घालत. नाकाचं भोक अडतं. त्याला त्या काळातलंच उत्तर आहे: आधीची मुलं दगावली की नवसाच्या मुलाचं नाक टोचून त्याला नथू म्हणायची रीत होती. नायिका नाव सांगते "नथू", आणि प्रश्न विचारायच्या आधीच संपतो. कपाळावरच्या गोंदणावर भंडारा फासता येतो, हातावरच्या गोंदणाला मात्र बाह्या लांब हव्यात. बांगड्यांनी मनगटावर पडलेली फिकट पट्टी उन्हात उभं राहून महिन्याभराने जाते, तोवर तिथे एखादा गंडा बांधावा लागेल. केस तर कापावेच लागतात, आणि ज्या समाजात बाईचं डोकं केवळ विधवापणात उतरतं तिथे तो वस्तरा तिला काय वाटत असेल, यावर एक पूर्ण पान खर्च करा.

महिन्याचे चार दिवस टाळू नका. घरी ती बाजूला बसत असे. इथे तिला बंदूक घेऊन उभं राहायचंय, वाड्यातल्या देवघरासमोरून जायचंय. लपवण्याची धडपड तर आहेच, पण विटाळाची कल्पना तिच्याही मनात मुरलेली असणार. भावासाठी आपण देवाचा अपराध करतोय का, हा तिचा प्रश्न आजच्या काळातलं उत्तर घालून मिटवू नका.

रहस्य: पुरावा त्या काळाचाच हवा

आता गाभ्याकडे येऊ. पत्र सबनिसाने लिहिलं आहे. तोतयाला दाणागोटा त्यानेच पुरवला होता. वारं फिरलेलं पाहिल्यावर, आश्विनात, त्याने घाईघाईने हवालदाराच्या नावाचं मागच्या तारखेचं पत्र तयार केलं. हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत हवं. गुन्हेगार कोण हे लिहिता लिहिता ठरवणाऱ्यांच्या कथेत शेवटी सगळेच संशयित सारखे दिसू लागतात.

पत्र खोटं आहे हे कशावरून कळेल? मोडी पत्रावर शिक्का-मोर्तबाच्या जागा ठरलेल्या असत, कागदाची जात असे, अक्षराचं वळण असे, दफ्तरातल्या नोंदी असत. यांतलं काहीही धरता येईल. पण मला सगळ्यात सुंदर पुरावा वाटतो तो कालगणनेचा.

तेव्हाच्या कागदांवर शके असे, आणि शुहूर सनही असे, तो अरबी अंकनामांत लिहिलेला. शके चैत्रात बदलतो. शुहूर सन बदलतो मृगाला, सूर्य मृग नक्षत्रात शिरतो तेव्हा, म्हणजे जूनच्या सुरुवातीला. म्हणून त्याला मृगसाल म्हणत. चैत्रापासून मृग लागेपर्यंत शके नवा असतो आणि सन जुनाच चालू असतो.

आता हिशेब मांडा. वैशाख शके १६९८ म्हणजे १७७६ चा एप्रिल-मे. मृग अजून लागलेला नाही, तेव्हा सन ११७६, "सीत सबैन मया व अलफ": सहा, सत्तर, शंभर आणि हजार. मृगानंतर ११७७, "सबा सबैन". सबनीस लिहायला बसला आश्विनात, तेव्हा सगळीकडे सबा सबैन चालू. महिना त्याने मागचा, वैशाख घातला. सन मात्र हाताच्या सवयीने चालू वर्षाचा पडला. एका शब्दाची चूक.

मुरलेला सबनीस एवढं चुकेल का, असं चोखंदळ वाचक विचारणारच. त्याची सोय आधीच करून ठेवा. पहिल्या काही प्रकरणांत, किल्ल्यावरच्या आठवणीत, हाच माणूस नव्या सालाच्या सुरुवातीला जुना सन लिहून जातो आणि खोडून दुरुस्त करतो, असं सहज येऊ द्या. त्यावर कोणीतरी त्याची थट्टाही करू दे. वाचक हसेल आणि विसरेल.

चूक कोणाच्या ध्यानात यावी? कारकुनाच्या नाही, नायिकेच्या. तिला वाचता येत नाही. पण किल्ल्यावर पगाराचा, दाण्याचा, नव्या भरतीचा हिशेब मृगाला फिरतो हे तिला बोटांवर पाठ आहे. पावसाळ्याआधी गडावर शाकारणी कधी होते, नवं साल कधी लागतं, हे तिचं रोजचं जगणं होतं. कोणीतरी पत्र मोठ्याने वाचतं, ती ऐकते, आणि तिला खटकतं: वैशाखात सबा सबैन कुठून आलं? निरक्षर बाईच्या जगण्यातून आलेलं ज्ञान लिहिणाऱ्याला पकडतं. न्याय मिळवण्यातला तिचा वाटा तिथे पक्का होतो.

एवढा एकच धागा मात्र पुरणार नाही. दुसरा लहान धागा द्या: पत्रावरच्या मितीला भाऊ गडावर नव्हताच, एका लग्नाला गेला होता, आणि शिक्का सबनिसाकडे ठेवून गेला होता. एक चकवाही हवा. संशय आधी त्या जामीन राहिलेल्या नाइकावर जाऊ दे. तो खरोखर काहीतरी लपवतोय, पण ते भलतंच निघतं.

प्रेम: पत्र वाचून दाखवणारा माणूस

नायिकेला वाचता येत नाही, हीच नायकाची वाट. त्याला कारकून करू नका. जातीची भिंत १७७७ मध्ये ओलांडून सगळ्यांच्या संमतीने लग्न लावणं म्हणजे इतिहासाशी खोटं बोलणं आहे. तो एका पाटलाचा मुलगा असू दे. वतनाच्या वादासाठी पुण्यात येऊन राहिलाय, निवाडा लांबतोय, वाट पाहता पाहता कोणाच्या तरी ओसरीवर मोडी शिकलाय. रोज दफ्तराच्या वाड्यावर खेपा घालतो, म्हणून दारावरच्या पोरग्या शिपायाशी ओळख होते.

आता दोघांमध्ये विश्वासाचा प्रश्न उभा राहतो. तो जे वाचून दाखवेल तेच तिला खरं धरावं लागणार. तो एखादी ओळ गाळू शकतो. त्याच्या वादाचा निकाल ज्याच्या हाती आहे त्या अंमलदाराचा सबनीस हा नातलग आहे. पत्र खोटं ठरलं तर त्याची स्वतःची पाटीलकी जाऊ शकते. एका प्रसंगी तो खरंच एक ओळ गाळतो. ती ओळ कोणती, आणि तिला ते कधी कळतं, यावर तुमच्या कादंबरीचा मधला भाग उभा करा. तीही त्याच्यापासून स्वतःचं सगळं अस्तित्व लपवतेय, म्हणजे दोघंही एकमेकांचे अपराधी. समान पायावर उभं राहिलेलं प्रेम मला नेहमी जास्त खरं वाटतं.

ती बाई आहे हे त्याला कधी कळावं? फार उशीर करू नका. कादंबरीच्या मध्याच्या जरा पुढे कळू द्या, म्हणजे उरलेल्या भागात ते गुपित जपण्याची जबाबदारी त्याच्यावरही येते. आणि कळण्याआधीची त्याची ओढ खोडून काढू नका. "मला आधीच वाटलं होतं तू बाई आहेस" असं म्हणायला लावून त्याला सोडवणं हा पळपुटेपणा आहे. तो एका शूर, अबोल पोरात गुंतला होता. त्याचं गोंधळणं प्रामाणिकपणे लिहा.

लग्नाचं काय? त्या काळात मुलींची लग्नं लहानपणीच होत, त्यामुळे पंचविशीची अविवाहित नायिका शक्यच नाही. तिचं लग्न झालेलं होतं. नवरा पानिपतावर गेला तेव्हा ती दहा वर्षांची, नवरा परत आला नाही. पंधरा वर्षं ती सवाष्णही नाही, विधवाही नाही. पार्वतीबाईंचं दुःख तिला वेगळं समजावून सांगावं लागत नाही, आणि तोतयाच्या बातमीने तिच्या मनात क्षणभर काय आलं असेल हेही वाचकाला कळतं. साध्या मराठा-कुणबी घरांत विधवेला पाट लावता येई, म्हणजे तिचं दुसरं लग्न होई, सरकारला पाटदाम भरावे लागत. म्हणजे या दोघांना वाट आहे. पण त्यासाठी घरचा वडीलधारा हवा, आणि तो तर कैदेत आहे. भाऊ सुटल्याशिवाय पाट नाही. न्याय आणि प्रेम इथे एकमेकांत अडकतात.

"मी आलो" आणि "मी आले"

मराठीत वेषांतर लिहिणं ही वेगळीच कसरत आहे, कारण आपलं क्रियापद दर वाक्याला बोलणाऱ्याचं लिंग सांगतं. तिला दिवसभर "येतो", "पाहिलं नाही मी, नुकताच आलो" असं बोलावं लागतं. निवेदनात मात्र ती "ती"च ठेवा. नायकाच्या नजरेने लिहिलेल्या प्रकरणांत, त्याला कळेपर्यंत, ती "तो" राहील. हा नियम एकदा ठरवला की मोडू नका.

गुपित फुटण्याचा क्षण मी तरी पगडी पडण्यावर घालवणार नाही. ताप चढलाय, अर्धवट झोपेत कोणी हाक मारली, आणि ती म्हणाली, "आले." एवढं पुरे. नायिका कोल्हापूरकडची असती तर हा प्रसंग जमला नसता; तिकडे आजही बायका सर्रास "मी आलो" म्हणतात. प्रदेश नीट निवडण्याचं हेही एक कारण.

बोली वापरताना हात जपून चालवा. अठराव्या शतकातली भाषा जशीच्या तशी आजच्या वाचकाला झेपत नाही. बखरीतली वाक्यं पात्रांच्या तोंडी घालू नका. पत्रांत, तकरिरीत, निवाड्यात ती शोभतात. एरवी साधी मराठी, फक्त आजचे शब्द टाळून.

थोडक्यात तपासून घ्यायच्या गोष्टी

मिनिटं आणि तास नकोत. घटका आणि प्रहर. घटका चोवीस मिनिटांची. काडेपेटी नाही, चकमक आहे. रॉकेलचा कंदील नाही, तेलाची समई आणि मशाली आहेत. सकाळचा चहा नाही. रुपया एकाच छापाचा नव्हता. टांकसाळ बदलली की बट्टा पडे, म्हणून पैशाच्या व्यवहारात सराफ हवाच. घाशीराम कोतवाल झाला १७७७ मध्ये, त्याआधीच्या प्रसंगांत त्याचं नाव नको.

शंका आली की कादंबऱ्यांकडे जाऊ नका, कागदांकडे जा. गो. स. सरदेसाईंनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड १९३० च्या दशकाच्या पहिल्या वर्षांत छापले गेले; त्यांत खरी माणसं तक्रार करतात, पैसे मागतात, रुसतात. मूळ कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत, आणि १९१० मध्ये स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळही पुण्यातच आहे. शब्दांसाठी मोल्सवर्थचा १८५७ चा कोश जवळ ठेवा.

शेवटचा निवाडा

इथे मोह होतो तो नाना फडणिसांना दारातून आत आणायचा. त्यांनी पत्र पाहावं, सबनिसाला एक प्रश्न विचारावा, सगळं उलगडावं. असं केलंत तर चारशे पानांची नायिकेची मेहनत एका मोठ्या माणसाच्या खात्यावर जमा होते. इतिहासातली मोठी माणसं लांब ठेवा. त्यांची पालखी जाते, त्यांची आज्ञा येते, एवढं बास. निवाडा एखाद्या दुय्यम अंमलदारासमोर होऊ दे. तो घाबरट आहे, दमलेला आहे, त्याला हे प्रकरण लवकर मिटवायचंय. त्याला हलवण्यासाठी पुरावा इतका स्वच्छ हवा की नाकारणं जास्त धोक्याचं वाटावं.

आणि साक्ष देताना तिने वेष उतरवायचा का? माझ्या मते हो, आणि स्वतःहून. शिपाई म्हणून तिची साक्ष बाहेरच्या माणसाची; किल्ल्यावरचं साल कधी फिरतं हे सांगायचं तर हवालदाराची बहीण म्हणूनच सांगावं लागेल. पत्र खोटं ठरवायला तिला आपलं नाव खरं सांगावं लागतं. त्याच महिन्यात तोतयाला मारलेल्या शहरात. या प्रसंगाला घाई करू नका. आधीची सगळी प्रकरणं याच्याच तयारीसाठी आहेत.

लिहायला कुठून बसायचं

पहिल्या प्रकरणापासून नको. आधी ते खोटं पत्र लिहा, पूर्ण, मिती-सनासकट, सबनिसाच्या मनात शिरून. हवालदार कसा बोलतो याची त्याने केलेली नक्कल त्यात दिसू द्या, आणि ती नक्कल कुठे फसते तेही. मग सबनिसाची तकरीर लिहा, म्हणजे पकडल्यावर तो स्वतःचा बचाव कसा करेल ते. त्याचा बचाव तुम्हालाच थोडा पटला पाहिजे. त्यालाही पोरंबाळं आहेत, तोतया खराच भाऊसाहेब आहे असं त्याला एकेकाळी वाटलं असेल. तिसरा कागद नायिकेच्या बाजूचा: ज्या रात्री तिने केस कापले, त्या रात्री ती नाइकाला काय सांगते. तो संवाद, फक्त बोलणं, वर्णन एकही ओळ नाही.

हे तीन कागद एकमेकांसमोर ठेवून वाचा. पत्रातली चूक तकरिरीत झाकली जाते का, आणि झाकताना दुसरी कुठली चूक उघडी पडते, ते शोधा. ती दुसरी चूक सापडली की तिच्यावर पहिलं प्रकरण सुरू करा.